गोल खिडक्यांचं वाचनालय

न्यारुबांगा
१२ मे १९७५

प्रिय अनातोली,

तू जिवंत आहेस हे आत्याकडून कळलं. तिलाही ते तू पाठवलेल्या सुक्या मासळीवरूनच कळतं. मासळी आली म्हणजे मुलगा आहे, असा तिचा हिशेब. एवढ्या मोठ्या म्वांझा शहरात राहून आईला चार ओळी लिहायला तुझा हात उचलत नाही, याचं मला नवल वाटत नाही. शाळेतही तुझी पाटी कोरीच असायची.

कामाचं लिहिते. गावात वाचनालय निघालंय. हसून झालं की पुढचं वाच. कॉफी सोसायटीच्या वजनाच्या शेडमध्ये एक कोपरा, एक कपाट, एक बाक, आणि कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. शाळा सुटली की मी तिथे बसते. पाद्रीबाबांनी दिलेली संतांची चरित्रं आहेत, केळीवरच्या किडीची सरकारी पुस्तिका आहे आणि एक खुनाची गोष्ट आहे. तिची शेवटची पानं गेलीत, त्यामुळे खून कुणी केला यावरून गावात दोन तट पडलेत.

आता कॉफीचा हंगाम सुरू झाला आणि पोती आली तशी माणसं बाहेर गेली. वजन करणारे बांतुलाकीकाका तर सरळ कपाटालाच थप्पी लावतात. मी भांडले, तर म्हणाले, "पोरी, पुस्तकं काही सडत नाहीत. कॉफी सडते."

"मग खून कुणी केला ते तुम्हाला कधी कळणार?"

"मेव्हण्याने केला. मी पहिल्याच पानाला ओळखलं."

आत्यासुद्धा येते. प्रौढांच्या वर्गात मागे बसते. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर तिला काढता येतं. बाकीची अक्षरं तू भेटायला आलास की शिकेन म्हणते. म्हणजे बिचारीचं शिक्षण तिथेच थांबलं म्हणायचं.

म्वांझाच्या मोठ्या वाचनालयात जुनी पुस्तकं काढून टाकतात असं ऐकलं. तुझ्या शब्दाशिवाय धक्क्यावरून पोतं हलत नाही, ही तुझीच बढाई. तर दोन खोकी बुकोबाच्या बोटीत चढव, पुढचं मी बघते.

तुझी मामेबहीण,
लिओंतिना


म्वांझा
३० जून १९७५

प्रिय मास्तरीणबाई,

तुमची आज्ञा झाली आणि तुमचा गरीब आतेभाऊ वाचनालयात जाऊन टोपी काढून उभा राहिला. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला वाचनाची आवड आहे का?" मी म्हटलं, "मला नाही, माझ्या मामेबहिणीला आहे, म्हणून तिचं लग्न झालं नाही." त्यांचंही झालेलं नसावं, कारण त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. खोकी मात्र दोन मागितली तर तीन दिली. त्यातलं एक पुस्तक बर्फात घर कसं बांधावं यावर आहे. ते बांतुलाकीकाकांना दे.

आता माझं काम. बाजाराच्या रस्त्यावरची आपली ती जागा, आईने घेतलेली, तिच्यावर लक्ष ठेव. लोक शेळ्या सोडतात असं कळलं. मी आता कायम म्वांझात राहणार नाही. आईसाठी तिथे चांगलं घर बांधायचं आहे. पुढची खोली रुंद, रस्त्याकडे तोंड करून, आणि तिला एक लांब काउंटर. आईला रस्त्याकडे बघत बसायला आवडतं, त्यावर हात टेकता येतील. सामान मी थोडं थोडं बोटीने पाठवत जाईन. पत्रे, बिजागऱ्या, जे जुन्या बोटींचं निघेल ते. तू उतरवून घे आणि जागेवर नीट ठेव.

मिंझाचा तुला नमस्कार. ती म्हणते, इतकी वर्षं संसार झाला, तुझ्या आजोळच्या माणसांची जीभ एवढी तिखट का ते अजून कळलं नाही. मी म्हटलं, मिरची आमच्याकडे होत नाही, तरी.

तुझा,
अनातोली


न्यारुबांगा
८ फेब्रुवारी १९७६

प्रिय अनातोली,

तुझे पत्रे पोचले, बिजागऱ्या पोचल्या, दोरखंडही पोचलं. दोरखंडाचं घरात काय करतात ते मात्र लिहिलं नाहीस.

तुझ्या जागेची अजिबात काळजी करू नकोस. तिथे आता एकही शेळी फिरकत नाही. माणसांचाच एवढा राबता असतो. गेल्या दोन महिन्यांत गावाने मिळून पाया खोदला, विटा भाजल्या, भिंती खांद्यापर्यंत आणल्या. कुणालाही हाक मारावी लागली नाही. बांतुलाकीकाका स्वतः चिखल तुडवत होते. त्यांच्या पोटऱ्या बघून बायका इतक्या हसल्या की अर्धा दिवस काम बंद होतं. नाकतोड्यांचा हंगाम होता, पोरींनी टोपल्या भरून धरले आणि तिथेच तळून सगळ्यांना वाटले. बायकांनी ते खायचे नसतात, पण बायकांनीही खाल्ले. म्हाताऱ्या पुरुषांनी तोंडं फिरवली, पण हात पुढे केलेलेच होते.

आत्या रोज येते आणि सगळ्यांना चुका दाखवते.

आता खिडक्या हव्यात. उजेड भरपूर हवा, हे फार महत्त्वाचं आहे. काउंटरचं आम्हाला नीटसं कळलं नाही. आत्या म्हणाली, "मला हात टेकायला एवढा लांब काउंटर? माझे हात दोनच आहेत." तिला काय सांगू?

तुझी,
लिओंतिना


म्वांझा
१९ सप्टेंबर १९७६

लिओंतिना,

मी गावाची गोष्ट वाचून डोळे पुसले होते. मिंझाला म्हटलं होतं, बघ, आमच्याकडे माणसाला अशी किंमत आहे, मी इथे बसलोय आणि तिकडे माझ्या आईचं घर अख्खं गाव बांधतंय. मोडीत निघालेल्या बोटीच्या चार गोल खिडक्या मी स्वतः घासूनपुसून, पितळेला पॉलिश करून पाठवल्या.

काल बांतुलाकी बोटीवर भेटले. सगळ्यांसमोर मला मिठी मारली. म्हणाले, "धन्य आहे तुझी. गोल खिडक्यांतून काय उजेड पडतो. चार वाजेपर्यंत दिव्याशिवाय वाचता येतं."

मी विचारलं, "कोण वाचतं?"

"सगळेच. वाचनालयात दुसरं काय करणार?"

पुढे काही लिहायची माझी इच्छा नाही. तू शिकलेली आहेस, तूच सांग याला काय म्हणतात.

अनातोली


न्यारुबांगा
१० ऑक्टोबर १९७६

प्रिय अनातोली,

याला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि तू रागावलास ते बरोबर आहे. पण मी एकही वाक्य खोटं लिहिलं नव्हतं. तू ते घाईघाईने वाचलंस.

जागा आत्याची होती. तिनेच दिली. आम्ही मागितलीही नव्हती. पोत्यांना जागा हवी म्हणून एक दिवस शेडमधून आमचं कपाट बाहेर काढून उन्हात ठेवलं होतं आणि मी त्याच्याशेजारी रडत बसले होते. आत्या आली आणि म्हणाली, "उठ. माझ्या जागेवर ने."

मी म्हटलं, "ती अनातोलीच्या घरासाठी आहे."

"कसलं घर? त्याचा दोस्त कालिकावे मला भेटून गेला. मुलगा आणि तो मिळून गुत्ता काढणार आहेत म्हणाला. मला आधीच आशीर्वाद मागत होता." मग ती कपाटाला टेकून बसली. "नवरा गेला तेव्हा तुझा बाप मला माहेरी घेऊन गेला नाही, नवऱ्याच्या भावांनी ठेवून घेतलं नाही. केळ्याची दारू गाळून मी या पोराला वाढवलं आणि हा तुकडा माझ्या नावावर घेतला. रात्री दारुडे दार वाजवायचे, तेव्हा तो चटईखाली लपायचा. विसरला असेल. मी नाही विसरले. त्या जमिनीवर आता पुन्हा दारू नको."

मी म्हटलं, त्याला कळवू या. तर म्हणाली, "तो घर बांधतोय असं मला कळवतो, तसंच तू त्याला कळव."

म्हणून तसं कळवलं. कालिकावेबद्दल तू मला एक शब्द लिहिला नाहीस, तेव्हा लपवाछपवीत आपण दोघं सारखेच. खिडक्या फार सुंदर आहेत. मुलं त्यांतून डोकी बाहेर काढतात आणि बोटीसारखा आवाज काढतात. मी ओरडते, मग मी नसताना काढतात.

कधी तरी येऊन बघ.

तुझी,
लिओंतिना


म्वांझा
२५ नोव्हेंबर १९७८

प्रिय लिओंतिना,

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्यानंतरच्या दोन पत्रांनाही नाही. ते सगळं आता राहू दे.

रेडिओवर ऐकलं की सीमेपलीकडून सैन्य आलं, कागेरा नदीच्या वरची सगळी गावं रिकामी झाली, पूल पाडला. बुकोबाहून येणाऱ्या प्रत्येक बोटीवर मी शिडीच्या तोंडाशी उभा राहतो आणि उतरणाऱ्या माणसांना विचारतो. आमच्या बाजूचं कुणी भेटलं की ते म्हणतात, न्यारुबांगाची माणसं खाली आली, पण कोण आणि कुठे ते सांगता येत नाही. एकाने म्हटलं, एका म्हातारीला कोंबडी घेऊन चालताना पाहिलं, ती सगळ्यांना रस्ता चुकल्याचं सांगत होती. मी त्याला माझं जेवण दिलं.

हे पत्र बुकोबाच्या मिशनमध्ये पाठवतोय. तिथले पाद्री विस्थापितांच्या ठिकाणी फिरतात म्हणे. तू असलीस तर उत्तर दे. आई असली तर तिच्या हाताचं नुसतं पहिलं अक्षर काढून पाठव, मी समजेन.

अनातोली


मिशनची शाळा, बुकोबाजवळ
२० डिसेंबर १९७८

प्रिय अनातोली,

ती म्हातारी आत्याच होती. कोंबडीही आत्याचीच होती आणि रस्ता खरंच चुकला होता.

तोफांचा आवाज सकाळी आला. मी शाळेत होते. पोरांना घरोघर पोचवलं आणि आत्याकडे धावले, तर ती चुलीवरची केळी उतरवत होती. म्हणे, उपाशी पोटी पळायचं नसतं. चालता चालता आम्ही ती केळी खाल्ली. पुलावर इतकी गर्दी होती की आत्याला मी पाठीवर घेतलं. तिने माझ्या कानात सगळा वेळ प्रार्थना म्हटली आणि मधूनमधून माझ्या चालीला नावं ठेवली.

वाचनालयाला मी कुलूपही लावलं नाही. एकही पुस्तक घेतलं नाही. लोक विचारतात तेव्हा मी मान खाली घालते. गळ्यात कपाटाची किल्ली तेवढी आहे. बांतुलाकीकाका इथेच आहेत. त्यांचा धाकटा मुलगा सैन्यात गेला, त्याची काही खबर नाही.

आता नीट वाच, घाई करू नकोस. आत्याला ताप आहे आणि रात्रभर खोकते. वर्गात आम्ही चाळीस माणसं जमिनीवर झोपतो. तू येऊन तिला घेऊन जा. ती म्हणते, मुलाला कामावरून उठवू नकोस. खाली तिने तुझं नाव लिहिलंय. पूर्ण. तू यायची वाट न बघता शिकली होती, मला सांगितलं नव्हतं.

लिओंतिना

ANATOLI


न्यारुबांगा
६ एप्रिल १९७९

प्रिय लिओंतिना,

तुला आणि आईला म्वांझात मिंझाच्या ताब्यात देऊन मी निघालो तेव्हा तुम्ही तिघी एकमेकींशी फार गोड बोलत होतात. आत्तापर्यंत खरं बोलायला लागला असाल.

पोचलो. घरं बरीचशी उभी आहेत, पत्रे कुठेच नाहीत. कॉफीची शेड जळाली. आपल्या जागेवर भिंती आहेत, छप्पर नाही, दार नाही, कपाट नाही. पुस्तकं चुलीत गेली. राखेत कडा दिसतात. बर्फातल्या घराचं पुस्तक तेवढं बाहेर चिखलात सापडलं. शत्रूलाही ते नको होतं. खिडक्या चारही जागच्या जागी आहेत. गोल खिडकी कुणाच्या घराला बसत नाही, म्हणून कुणी काढली नाही.

माणसं परत येतायत. बांतुलाकीकाका आले. त्यांचा मुलगा लढाईत गेल्याचं तुला कळलं असेलच. ते आता फार बोलत नाहीत. मी जागा पावलांनी मोजत होतो तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले.

"बांधतोस?"

"बांधतो म्हणतो."

"बांध. जागा तुझी आहे, भिंती आम्ही घातल्या त्या तू ठेव. गुत्ता काढलास तरी आम्ही येऊ. आता कुठेतरी बसायला पाहिजे."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. पण ते मनापासून म्हणाले. मी आईला खरं काय ते विचारतो. कालिकावे अजून तयार आहे. धक्क्यावर कमरेत वाकून माझी कंबर गेली आहे. गावात दुसरा धंदा कोणता आहे? तिला विचारून लिही.

अनातोली


म्वांझा
२ मे १९७९

प्रिय अनातोली,

मिंझा आणि आत्या खरं बोलायला लागल्या. मग दोन दिवस बोलल्याच नाहीत. आता दोघी मिळून तुझ्याविषयी बोलतात, तेव्हा घरात शांतता आहे.

आत्याचा ताप गेला. रोज संध्याकाळी मी तिला बाजारातून फिरवून आणते. त्यात मला लाज वाटेल असं एकच ती करते. दुकानांच्या पाट्या वाचते, मोठ्याने, एकही न सोडता. काल एका पाटीपुढे उभी राहिली. "शिं-पी. शिंपी." मग आत डोकावून, "कुठाय शिंपी? हा तर झोपलाय." त्याने उठून तिच्या झग्याला फुकट टीप मारून दिली.

तुझं पत्र तिने माझ्याकडून घेतलं आणि स्वतः वाचलं. एक सकाळ लागली. मग मला म्हणाली, लिही: "एकदा दिलं ते दिलं. ज्यांना दिलं ते नको म्हणत असतील तर त्याने हवं ते बांधावं, मी अडवणार नाही. पण गुत्ता बांधला तर मी म्वांझातच मरेन. आणि मिंझा चांगली आहे, तू तिला कधी गावी का आणलं नाहीस?" शेवटचं तुला उद्देशून आहे, उत्तर दे.

माझं विचारशील तर मी काही मागत नाही. एकदा न विचारता घेतलं, ते पुरे. मी इथल्या वाचनालयात जाऊन आले. त्या बाई अजून आहेत. मी गावाचं नाव सांगताच म्हणाल्या, "टोपीवाल्याची बहीण का?" त्यांनी चार खोकी दिली. ती तुझ्या पलंगाखाली आहेत. मिंझा म्हणते पलंग उंच झालाय. तू नको म्हणालास तर मी ती इथल्या एखाद्या शाळेला देईन.

बांतुलाकीकाकांना माझा नमस्कार सांग. त्यांच्याशेजारी बसत जा.

लिओंतिना


न्यारुबांगा
२१ जुलै १९७९

प्रिय लिओंतिना,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते मलाच माहीत नव्हतं.

कालिकावे येऊन गेला. आम्ही दोघांनी छप्पर घातलं. मी म्हटलं, आधी पुढची खोली होऊ दे, मग ठरवू. तिथेच पथारी टाकून झोपलो. सकाळी दार उघडतो तर पायरीवर माणसं बसलेली. मला वाटलं कुणीतरी गेलं.

बांतुलाकीकाका म्हणाले, "झोप झाली असेल तर आत येऊ दे."

"काका, हे माझं घर आहे."

"असू दे. आम्ही कुठे उचलून नेतोय?"

आत आले आणि भिंतीला टेकून बसले, प्रत्येक जण अगदी ठरल्यासारखा आपापल्या जागी. तुझी खुर्ची जिथे असायची ती जागा सोडून. कुणी बोलेना. तू यांना किती धाकात ठेवलं होतंस. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वाच काहीतरी," काका म्हणाले.

"काय वाचू? काहीच नाहीये."

"लिओंतिनाचा भाऊ ना तू? बघ खिशात."

खिशात बोटीचं नवं वेळापत्रक होतं. तेच उघडलं. म्वांझाहून किती वाजता सुटते, केमोंडोला कधी लागते, बुकोबाला कधी पोचते. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. कोपऱ्यात युस्तिना होती, तिचे दोन्ही मुलगे अजून म्वांझातच आहेत. ती म्हणाली, "म्वांझाहून निघते ते परत वाच." परत वाचलं. मग दुसऱ्या एकीने मंगळवारची बोट विचारली. मग परतीची. मी सगळा कागद दोनदा वाचला, शेवटी मालाचे नियमसुद्धा वाचले.

मग काकांनी विचारलं, "उशीर होतो का रे?"

धक्क्यावर इतकी वर्षं मी लोकांना या प्रश्नाचं एकच उत्तर देत आलोय, की होत नाही. त्यांच्याकडे बघून ते तोंडातून येईना.

"होतो," मी म्हटलं. "पण येते."

त्यांनी मान हलवली. कालिकावे दारात उभा होता. तो मला म्हणाला, "तुझा गुत्ता चालणार नाही, तुझी गिऱ्हाइकं काही पीतच नाहीत," आणि हसत निघून गेला. जाताना बाकासाठी फळ्या देतो म्हणाला.

तर मागच्या दोन खोल्या माझ्या, मिंझाच्या आणि आईच्या. पुढची तुमच्या वाचनालयाची. आईला सांग, मला ते दारावरचे आवाज आठवतात. मी चटईखालून तिचे पाय बघत असायचो, ती दाराला पाठ लावून उभी असायची.

पलंगाखालची खोकी घेऊन तुम्ही तिघी शुक्रवारच्या बोटीने निघा. कोणत्या बोटीने येताय हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. पण वेळापत्रक आता सगळ्या गावाला पाठ आहे, आणि शनिवारी सकाळपासून हे लोक रस्त्यावर येऊन बसतील. बोटीला उशीर झाला तर माझं तोंड लपवायला जागा नाही, खिडक्या गोल आहेत आणि सगळीकडून दिसतं.

तुझा आतेभाऊ,
अनातोली